धागा: गोष्ट अर्धीच राहिली (नागपूरचा कथा-महोत्सव आणि माझी आई)

बर्डीकर | रविवार, रात्री ११.४०

आज आईला घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात कथा-महोत्सवाला गेलो होतो. आयोजकांचं नाव लिहीत नाही. भांडण त्यांच्याशी नाही, आणि पासही फुकटचेच होते.

पत्रिकेवर आठ कला होत्या: पंडवानी (छत्तीसगडचं महाभारत-गायन), चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट), ओग्गू कथा (तेलंगणची), गोंधळ, खडी गंमत, किकरी या गजाने वाजणाऱ्या वाद्यावरची गोंडी गाथा, दास्तानगोई (उर्दूतली गोष्ट सांगायची कला) आणि शेवटी कीर्तन. प्रत्येकाला वीस मिनिटं. वेळ पाचची. पाहुणे सहाला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, मनोगत, त्यावर अध्यक्षीय. पहिला कलाकार मंचावर आला तेव्हा सात वाजून गेले होते आणि आईने पर्समधल्या खारकांपैकी निम्म्या संपवल्या होत्या.

आई शहात्तर वर्षांची, माहेर लाखनीकडचं. गोंधळाला तिने मान डोलावली, खडी गंमतला हसली. सहावे आले किकरीवाले आजोबा, किनवटकडचे. सोबत दोघे. सूत्रसंचालकाने वाद्याची ओळख "आदिवासी व्हायोलिन" अशी करून दिली. सभागृहातले दिवे गेले, एसीची घरघर तेवढी उरली.

आजोबांनी आधी गोंडीत गायलं, मग मराठीत गोष्ट सांगायला लागले. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबायचे. मला वाटलं, विसरताहेत. वय झालंय. पुढच्या रांगेत एकाने मोबाइल काढला.

तेवढ्यात माझ्या शेजारून मोठ्याने आवाज आला, "हं."

आजोबांनी अंधारात डोळे बारीक करून पाहिलं. पुढचं वाक्य टाकलं. आई म्हणाली, "हं. मंग?"

पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी वळून "शूऽ" केलं. मीही आईच्या हातावर हात ठेवला. ती कशाला ऐकते! आजोबा मात्र माइक सोडून पूर्णपणे आमच्या बाजूला वळले. तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला काही ऐकू येत नसणार. साउंडवाला धावत आला, माइक त्यांच्या तोंडापुढे धरून उभा राहिला. पाचेक मिनिटं गोष्ट अशी धावली की काय सांगू! गुहेत कोंडलेली पोरं, बाहेर रडणारी माय, तोंडावर भला मोठा धोंडा, आणि वाद्य वाजवणारा एक माणूस. "अन् त्यानं धोंड्याले खांदा देल्ला…"

इथे सूत्रसंचालक शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घेऊन मंचावर आला. वीस मिनिटं झाली होती.

ऑटोत आईचा पहिला प्रश्न: "मंग तो धोंडा सरकला का नाही?" घरी खिचडी खाताना पुन्हा तोच. मला काय ठाऊक! इथे कोणाला ही गोष्ट माहीत आहे का?

इतवारी एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ७.१५

भाऊ, तुमच्या माउलीले दंडवत. अख्ख्या हॉलमंधी एकच माणूस शुद्धीवर होता म्हणा ना.

आमची आजी गोष्ट सांगे तवा "हं" म्हणनं बंद झालं का गोष्ट बंद. झोपला म्हणे पोट्टा. दुसऱ्या दिवशी पुढची.

चकली | सोमवार, ७.५०

वाचतेय. कार्यक्रमात खायला काय होतं?

बर्डीकर | सोमवार, ८.०५

तर्री-पोह्यांचा स्टॉल बाहेर होता. मध्यंतरच झालं नाही, त्यामुळे बाहेर आलो तेव्हा तर्री होती, पोहे नव्हते.

पुणेरी चष्मा | सोमवार, ९.३०

भावना समजल्या, पण थोडं आयोजकांच्या बाजूने. आठ कला एका संध्याकाळी दाखवायच्या तर घड्याळ लावावंच लागतं. रात्रभर चालणारं आख्यान ऐकायला आज कोण बसणार? आणि शहरात, मंचावर आणल्याशिवाय या कला टिकणार कशा? दास्तानगोईचंच बघा. दिल्लीचे मीर बाक़र अली १९२८ साली गेले आणि परंपरा तिथेच तुटली. २००५ मध्ये काही जणांनी ती पुन्हा उभी केली ती कोणत्या गावच्या पारावर नाही, शहरातल्या सभागृहातच. मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली होती. तेव्हा मंचाला एवढं झोडपू नका.

राहिलं आईंचं. त्यांच्या "हं"चा मान राखून म्हणतो, शेजाऱ्याने गप्प बसावं ही अपेक्षाही चूक नाही.

भिलाई रिटर्न | सोमवार, ११.१०

पुणेरी, इथेच तर मेख आहे. मी अकरा वर्षं भिलाईत काढली. तिथे पंडवानी सभागृहात नाही, लग्नाच्या, दशमीच्या मांडवात ऐकली. तीजनबाईंना दोनदा ऐकलं. त्या भिलाईजवळच्या गनियारीच्या, पारधी समाजातल्या. वयाच्या तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम केला. बायांनी बसून, वेदमती शैलीत सांगायचं असा रिवाज होता, या उभ्या राहिल्या आणि पुरुषांची कापालिक शैली उचलली. घरच्यांनी, जातवाल्यांनी त्यावरून जे भोगायला लावलं ते वेगळंच. पुढे २०१९ मध्ये पद्मविभूषण.

आता मुद्दा. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य, कधी दुःशासनाच्या मुठीतले द्रौपदीचे केस. लोक हे बघून येतात आणि हेच सांगतात. पण त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्यांत एक माणूस असतो, त्याला 'रागी' म्हणतात. त्याचं काम वाजवणं, झील धरणं आणि प्रत्येक वाक्याला "हौ", "अच्छा", "फेर का होइस?" म्हणणं. तिकडे याला 'हुंकारू देणे' म्हणतात. म्हणजे पंडवानी आपला श्रोता सोबत घेऊन फिरते! म्हणून ती परदेशातल्या रंगमंचावरही चालते, समोरच्याला एक अक्षर कळत नसलं तरी. पोवाड्यात "जी जी रं जी" म्हणणारे झीलकरी तेच करतात.

आजोबांकडे असा माणूस नव्हता. त्यांचा रागी चुकून प्रेक्षकांत बसला होता, तुमच्या शेजारी.

इतवारी एक्सप्रेस | सोमवार, ११.२२

हे भारी बोल्ला भाऊ!

चोनकेवाला | सोमवार, दुपारी २.४५

मी भंडाऱ्याचा. माझे वडील खडी गंमतमध्ये तीस वर्षं होते. आधी नाच्या, म्हणजे बाईच्या वेषात नाचणारा, मग वय झाल्यावर चोनका, म्हणजे साथीचं तंतुवाद्य. लिहू का नको विचार करत होतो, पण सगळे गावाकडचं फारच गोड करून राहिले म्हणून लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत. पडदा नाही, विंग नाही. शाहीर, सोंगाड्या, नाच्या, मागे ढोलकी, चोनका, टाळ. गण, गौळण, लावणी, मग वग. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, तेव्हा रात्री दहाला उभे राहिले की कोंबडा आरवेपर्यंत उभेच. लोक चारी बाजूंनी. कोणी मधेच सोंगाड्याला टोमणा मारतो, सोंगाड्या त्याच्या बापाच्या नावासकट उलटा टोमणा मारतो, आणि तो वगातच जमा होतो. लिहून ठेवलेलं असं निम्मंही नसतं. हुंकाराचं म्हणाल तर आमच्याकडे हुंकार नाही, हाणामारीच असते.

सभागृहात हे होत नाही, खरं आहे. त्या दिवशीची खडी गंमत मी पाहिली नाही, पण वीस मिनिटांत काय करतात ते माहीत आहे. गण अर्धा, एक लावणी, एक पाठ केलेला विनोद आणि "जय महाराष्ट्र".

पण माझ्या वडिलांना सभागृह आवडायचं. का ते ऐका. गावात रात्रभर शिट्ट्या आणि ओवाळणी, आणि सकाळी त्याच गावात चहा प्यायला गेलं की "काय बाई, थकली का?" शाळेत मला पोरं काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. नागपूरला एकदा एका सरकारी कार्यक्रमात त्यांना "ज्येष्ठ लोककलावंत" म्हणून बोलावलं. खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, खात्यात पैसे आले. वडील त्या कार्यक्रमाचा बिल्ला दोन वर्षं खिशाला लावून फिरत होते. बारा मिनिटं मिळाली होती त्यांना. एकदाही तक्रार केली नाही.

म्हणून मी गोंधळात आहे. वेळ कमी मिळतो हे खरं, मान मिळतो हेही खरं.

भिलाई रिटर्न | सोमवार, ३.३०

चोनकेवाला, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. तीजनबाईंनी जे सोसलं त्यावर मी "वेगळंच" म्हणून एका शब्दात पुढे गेलो, ते आता खटकतंय.

लिंबोळी | सोमवार, ४.०५

बायकांच्या कहाण्या आठवल्या. श्रावणात कहाणी ऐकताना हातात अक्षता धरून बसायचं, संपली की वाहायच्या. लहानपणी वाटायचं उगीच काहीतरी. आता वाटतं, तांदूळ मुठीत धरले की मोबाइल धरता येत नाही. :)

दीक्षाभूमी रोड | सोमवार, सायंकाळी ६.२०

नागपूरकर ऐकताना मुके आहेत असं कोणी म्हणू नका. दसऱ्याला आमच्या भागात या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, मधे भीमगीतांचे, कव्वालीचे मंच, आणि गाणाऱ्याने एक ओळ टाकली की पुढची ओळ गर्दीच गाते. परभणीची बाई आणि बालाघाटचा पोरगा एकाच सुरात. शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये गेले ते दीक्षाभूमीवरच, कार्यक्रमातच, मंचावर कोसळून. जांभूळ आख्यानातली त्यांची द्रौपदी ज्यांनी पाहिली ते अजून बोलतात.

पोळ्याच्या झडत्या घ्या, बैलांसमोर म्हणतात ती गाणी. एक जण झडती म्हणतो, शेवटी "एक नमन गौरा पारबती" म्हणालं की आख्खं गाव "हर बोला हर हर महादेव" करतं. ते कोणी शिकवलं? मैदानात ज्यांचा घसा बसतो तीच माणसं एसी हॉलमध्ये गेली की तोंड शिवतात. हॉलमध्ये गप्प बसणं हा सुसंस्कृतपणा, असं आपल्याला कोणीतरी शिकवलंय.

पुणेरी चष्मा | सोमवार, ६.४५

"कोणीतरी" म्हणजे माझ्याकडे बोट आहे का? :) असो. चोनकेवाल्यांची पोस्ट वाचून मी माझंच वाक्य परत वाचलं. मंच हवा यावर ठाम आहे. "शेजाऱ्याने गप्प बसावं" हे मागे घेतो.

मिक्सरमागचा | सोमवार, रात्री १०.३०

मी त्या कार्यक्रमाला नव्हतो. पण असे कार्यक्रम करणं हाच माझा धंदा, म्हणून साउंडवाल्याच्या बाजूने दोन शब्द.

आम्हाला यादी येते त्यात लिहिलेलं असतं: "लोकवाद्य, १." ते ढोल आहे की किकरी हे मंचावर आल्यावर कळतं. साउंड चेक पाहुण्यांच्या माइकचा होतो, कलाकारांचा नाही. किकरीसारख्या वाद्याचा आवाज बारीक. माइक जवळ नेला तर गजाची खरखर येते, लांब नेला तर गेन वाढवावा लागतो आणि सिटी वाजते. मग घाबरून माणूस इको वाढवतो. आपल्याकडे कलाकार लोककलेचा म्हटलं की इको द्यायचाच, जणू प्रत्येक जण डोंगरातूनच गातोय.

उपाय साधा आहे. वाद्याच्या पोटाशी छोटा क्लिपचा माइक आणि गळ्याशी कॉलर माइक. माणूस हवा तिकडे वळू दे. आजोबांना आईंकडे वळायला माइक सोडावाच लागला नसता.

दुसरं, त्याहून महत्त्वाचं: प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण घालवू नका. मंचावरून काय दिसतं हे कधी उभं राहून बघा. डोळ्यांवर मंचाचे दोन झगझगीत दिवे आणि पुढे काळी विहीर. आयुष्यभर कंदिलाच्या उजेडात समोरच्याच्या तोंडाकडे बघून गोष्ट सांगणाऱ्याला आपण विहिरीत बोलायला लावतो. अर्धे दिवे ठेवायला पैसे पडत नाहीत.

रानवाट | मंगळवार, पहाटे ५.५०

हा धागा मित्राने पाठवला, सदस्यत्व आत्ताच घेतलं. मी परधान समाजातला (गोंडांच्या गाथा गाणारे आम्ही), किनवट-आदिलाबादच्या पट्ट्यातला, सध्या नागपुरात नोकरी. आजोबा किकरी वाजवायचे. वडील शिक्षक झाले. किकरी आमच्या घरी भिंतीवर आहे. माझ्या पिढीची इतकीच गोष्ट.

आधी एक. ते व्हायोलिन नाही. तीन तारांची किकरी, गजाने वाजते. मध्य प्रदेशात मंडल्याकडचे परधान असंच 'बाना' नावाचं वाद्य वाजवतात, त्यांच्याकडे गोंडांचा मोठा देव, बडादेव, ऐनाच्या झाडात राहतो आणि बान्याच्या सुराने जागा होतो. बाना नुसतं साथीचं वाद्य नव्हे, ते वाजल्याशिवाय देव येतच नाही. पाटणगडचे जनगढसिंह श्याम त्याच परधानांतले, ८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात गेले आणि घराण्यात जे गायचे ते त्यांनी कागदावर काढलं. आज दिवाणखान्यात जी 'गोंड चित्रं' दिसतात त्यांची सुरुवात तिथली.

दुसरं. परधानाची गोष्ट 'प्रेक्षकां'साठी नसतेच. प्रत्येक परधान घराण्याची यजमान गोंड घराणी ठरलेली. त्यांच्या कुळाची गाथा, देव कुठून आला, कोणत्या नदीवर थांबला, हे सगळं परधानाने त्यांच्याच समोर सांगायचं. आमच्या पट्ट्यात घरची बोली मराठी, पण गाथा गोंडीत. म्हणजे आजोबा घरी ज्या भाषेत जेवण मागत, तिच्यात देव सांगत नसत. यजमान ऐकताना मधे बोलतो, कारण गोष्ट त्याच्याच घराची असते. चुकलं तर टोकतो. आजोबा म्हणायचे, टोकणारा मेला की सांगणारा बुडाला.

हेही लिहून ठेवतो की हे नातं काही बरोबरीचं नव्हतं. दान घेणारा तो खालचा. वडिलांनी किकरी का सोडली हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. चोनकेवाला भाऊंना ते कळेल.

सभागृहात त्या बाबांनी वाक्यावाक्याला थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. ते वाट बघत होते.

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ६.३०

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी वय झालंय असं लिहिलं होतं. ते तसंच राहू देतो, काय समजलो होतो ते दिसू दे.

धोंड्याचं काय झालं?

सालेकसावाली | मंगळवार, ९.००

ते मी सांगते, आमच्याच तालुक्यातली गोष्ट हाय. कचारगडची. सालेकसा तालुका, गोंदिया जिल्हा. गुहा अजून हाय, माघ पौर्णिमेले जत्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कुठून कुठून गोंड लोकं येतेत.

काली कंकाली मायची तेहतीस पोरं. लय खोडकर. शंभूनं रागानं गुहेत कोंडलं अन् तोंडावर धोंडा बसवला. माय बाहेर रडे. आमची देवी जंगो रायतड, तिले दया आली. गोंडायचा गुरू कुपार लिंगो, त्यानं सांगतलं का हा धोंडा ताकदीनं नाही सरकत, वाजवणारा पायजे. मंग हिरासुका पाटालीर आला किंगरी घेऊन. (आमच्याकडे किंगरी म्हणतेत, तिकडे किकरी.) त्यानं असं वाजवलं का आतल्या पोरायच्या अंगात बळ आलं. आतून पोरायनं जोर लावला, बाहेरून यानं खांदा देल्ला. धोंडा सरकला, गडगडत खाली गेला, पोरं बाहेर आली.

अन् हिरासुका त्या धोंड्याखाली सापडला. मेला तो.

आमच्याकडे अशी सांगतेत. दुसरीकडे थोडी वेगळी असन.

चकली | मंगळवार, ९.१०

हे वीस मिनिटांत बसलं नसतं का? दोन मिनिटं तर हवी होती त्यांना!

इतवारी एक्सप्रेस | मंगळवार, ९.१४

शाल थंडी होत होती ना बाई.

बर्डीकर | मंगळवार, रात्री ९.५०

संध्याकाळी घरी आल्यावर आईला म्हटलं, गोष्टीचा शेवट मिळाला. मोबाइल काढून सालेकसावालींची पोस्ट वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला म्हणाली, "वाचून काहून दाखवतं? तोंड नाही का तुले? सांग."

मोबाइल ठेवला. ती मेथी निवडत होती, मी समोर बसलो. एक वाक्य झालं की ती "हं" म्हणे, आणि पुढचं वाक्य काय ते मला माझंच जुळवावं लागे. नावं चुकलो. जंगो आधी आली की लिंगो यात घोळ घातला. तिने दोनदा टोकलं, म्हणाली बाबा असं नव्हते म्हणाले. धोंडा सरकला तिथे मेथीची काडी हातात तशीच राहिली. हिरासुका मेला म्हटल्यावर मात्र "हं" आलं नाही. बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सालेकसावाली, रानवाट, तुम्हालाच विचारतो. तो दबला ते दबला. त्याची किंगरी कोणी उचलली?

रानवाट | मंगळवार, १०.४०

हे मी आजोबांना कधी विचारलं नाही.

सालेकसावाली | बुधवार, सकाळी ८.२०

असं कोणी विचारलं नव्हतं बाप्पा आजवर. आमच्या सासऱ्यायले विचारलं, ते हसले अन् म्हणे त्या माउलीलेच घेऊन या जत्रेले, तिथं सांगणारे बसतेत, थेट विचारा. दरेकसा टेशनावर उतरा. चढ हाय थोडा, आईच्या गुडघ्यायचं पाहून घ्या. अन् रात्रीची चादर सोबत ठेवा, माघात तिकडे लय थंडी राहते.

बर्डीकर | बुधवार, ८.३५

तिकिटं पाहतोय. आई विचारते, खारका तिथे मिळतात की इथून न्यायच्या?